वावर दाखवण्याआधी मोबाईल उघडा

"हे पाय बावा, सातबारा एकदम क्लिअर आहे," असं म्हणत दलालभाऊ मोबाईल माझ्या टेबलावर ठेवतात. स्क्रीनवर सातबाऱ्याचा फोटो असतो. खरं तर फोटोचा फोटो. कोणीतरी कोणाला व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेला, त्याने पुढे ढकललेला, कडा कापल्या गेलेल्या आणि 'इतर हक्क' हा रकाना नेमका बाहेर राहिलेला. नागपूरहून आलेली पार्टी तिकडे टपरीवर इसाराचे पैसे खिशात घेऊन चहा पीत बसलेली असते.

मी यवतमाळ जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी तहसीलसमोर दस्तलेखनाचं काम करतो. जुनी माणसं अजूनही अर्जनवीस म्हणतात. जमिनीचा धंदा करणारी पोरं मला अधूनमधून विचारतात, काका, दलालीसाठी चांगलं सॉफ्टवेअर कोणतं? त्यांच्या डोक्यात महिन्याला पैसे घेणारं एखादं इंग्रजी अ‍ॅप असतं. माझं उत्तर ऐकून त्यांचं तोंड उतरतं. गावाकडच्या दलालाला लागणारी बहुतेक साधनं सरकारनेच करून ठेवली आहेत. ती फुकट आहेत नाहीतर चहाच्या भावात मिळतात. अडचण एवढीच, की ती पाच-सहा ठिकाणी विखुरलेली आहेत आणि कोणतं कशासाठी, हे कोणी सांगत नाही. शहरातल्या एजंटचा फ्लॅट सोपा असतो. त्याला धुरा, म्हणजे बांध नसतो, पांदण, म्हणजे शेतात जायची वाट नसते, हिस्सा मागायला पुण्याहून येणारा चुलतभाऊ नसतो.

पहिलं काम: ताजा उतारा

महाभूलेख या साइटवर सातबारा, आठ-अ आणि मालमत्ता पत्रक फुकट बघता येतं. आधी विभाग निवडायचा. यवतमाळ, अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा हे अमरावती विभागात. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हे नागपूर विभागात. मग जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर. गट नंबर माहीत नसेल तर नावावरूनही शोधता येतो. हा उतारा फक्त माहितीसाठी आहे, तो कुठल्या कार्यालयात चालत नाही. चालणारा हवा असेल तर महाभूमीच्या डिजिटल सातबारा पोर्टलवर १५ रुपये भरायचे. त्यावर डिजिटल सही असते. पटवाऱ्याचा शिक्का लागत नाही आणि खाली छापलेल्या पडताळणी क्रमांकावरून उतारा खरा की खोटा हे कोणालाही तपासता येतं. लाखोंच्या सौद्यात १५ रुपये वाचवणारे दलाल मी पाहिले आहेत, म्हणून हे लिहितो आहे.

उतारा हातात आला की नाव वाचून थांबू नका. क्षेत्र बघा, पोटखराब, म्हणजे लागवडीला न येणारी जागा किती ते बघा, भोगवटादार वर्ग बघा, इतर हक्क शब्द न् शब्द वाचा आणि प्रलंबित फेरफार, म्हणजे हक्क बदलाची अजून पक्की न झालेली नोंद आहे का ते बघा.

क्षेत्राबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण इथे मी स्वतः शेण खाल्लं आहे. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर मध्ये असतं. विकणारा एकरात बोलतो, प्लॉटवाला चौरस फुटात आणि आपल्याकडचे बरेच जण डिसमिलमध्ये. एकदा गडबडीत मी १.२१ हा आकडा एक एकर एकवीस गुंठे असा वाचला आणि इसारचिठ्ठीत तसंच टाईप केलं. विकणाऱ्याची आई शेजारी बसली होती. मी मजकूर वाचून दाखवला तशी ती म्हणाली, "आमचं वावर तीन एकर आहे जी. अर्धं कुठं गेलं?" बरोबर होतं तिचं. १.२१ हेक्टर म्हणजे २.९९ एकर. मी वाचलं ते दीड एकर. अंगठा उठला असता तर ते निस्तरायला किती चकरा झाल्या असत्या, विचारू नका.

तेव्हापासून टेबलाच्या काचेखाली चिठ्ठी आहे: १ हेक्टर म्हणजे १०० आर, म्हणजे २.४७ एकर. १ एकर म्हणजे ४० गुंठे, १०० डिसमिल, ४३,५६० चौरस फूट. १ गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. आर आणि गुंठा जवळजवळ सारखेच, फरक बारा-तेरा फुटांचा, पण लेआउटमध्ये तेवढ्यावरूनही भांडणं होतात. क्षेत्र बदलून देणारी अ‍ॅपं ढीगभर आहेत. गूगलच्या शोधपट्टीत 'हेक्टर टू एकर' लिहिलं तरी उत्तर येतं. गुंठा आणि डिसमिलचा हिशेब मात्र स्वतः करायला शिका.

जे कोणतंच अ‍ॅप लाल रंगात दाखवत नाही

भोगवटादार वर्ग १ म्हणजे साधारणपणे मोकळी जमीन. वर्ग २ म्हणजे विकायला परवानगी लागणारी. सातबाऱ्यावर हा फक्त एक आकडा असतो, आणि त्या एका आकड्यावर सौदा अडतो.

विदर्भात त्याच्या पलीकडेही बघावं लागतं. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर महसूल संहितेचं कलम ३६ आणि ३६अ आडवं येतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती बिगर-आदिवासीच्या नावावर जात नाही. पांढरकवडा, मेळघाट, गडचिरोली या पट्ट्यात काम करणाऱ्याने इसार घ्यायच्या आधी हे विचारलंच पाहिजे. दुसरी भूदानाची जमीन. विनोबांचं पवनार आपल्याच वर्धा जिल्ह्यातलं, त्यामुळे भूदानाच्या नोंदी आपल्याकडे गावोगावी सापडतात. त्यांना लागू असलेला कायदा अजूनही १९५३ चा मध्यप्रदेश भूदान यज्ञ अधिनियमच आहे, कारण तेव्हा आपण मध्यप्रदेशात होतो. भूदानात मिळालेली जमीन वारसाकडे जाते, बाजारात जात नाही. तिसरी नोंद 'झुडपी जंगल'. ही पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांची खास डोकेदुखी. २२ मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वनच मानायच्या असं सांगितलं. तिथे कोणी तुम्हाला स्वस्तात फार्महाऊसचे प्लॉट विकायला देत असेल तर चहा पिऊन परत या.

आणि पार्टीचाही सातबारा मागा. शेतजमीन घेणारा स्वतः शेतकरी असावा लागतो. विदर्भासाठी कुळवहिवाटीचा १९५८ चा वेगळा कायदा आहे आणि त्याचं कलम ८९ हेच सांगतं. नागपूरच्या डॉक्टरसाहेबांना वावर फार आवडलं, भाव ठरला, पण त्यांच्या खानदानात कोणाच्याच नावावर शेती नाही, हे नोंदणीच्या दिवशी कळलं तर दलालाची इज्जत जाते. त्याच महाभूलेखवर त्यांचं गाव टाका, दोन मिनिटांचं काम आहे.

तुकड्यांचंही लक्षात ठेवा. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे. ऑगस्ट २०२३ पासून प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते, जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे आहे. "पाच गुंठे काढून द्या न, विहिरीजवळचे" असं म्हणणाऱ्याला सरळ हो म्हणू नका. शहरालगत आणि गावठाणाला लागून काही सवलती आल्या आहेत, त्या तहसीलमध्ये विचारूनच पुढे जा.

पासबुकात एन्ट्री पडायच्या आधी

नवीन पोरांचा सगळ्यात जास्त गोंधळ सातबारा आणि खरेदीखत यांच्या नात्याबद्दल असतो. असं समजा, बँकेत आज पैसे भरले पण पासबुक छापलं नाही. पैसे तर खात्यात आहेत, पासबुक जुनंच दाखवतंय. सातबारा हे पासबुक आहे. आज दुय्यम निबंधकाकडे खरेदी झाली की माहिती महसूलकडे जाते. मग पटवारी, म्हणजे सरकारी कागदावर आता ग्राम महसूल अधिकारी, फेरफार धरतो, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात आणि शेवटी मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. तेवढे दिवस सातबाऱ्यावर जुन्याच मालकाचं नाव झळकत असतं. मधल्या काळात तो तीच जमीन दुसऱ्याला दाखवत फिरू शकतो. फिरतातही.

यासाठी दोन खिडक्या आहेत. एक 'आपली चावडी'. गावाच्या चावडीवर पूर्वी नोटीस डकवत, तीच आता ऑनलाईन दिसते. गाव निवडलं की कोणत्या गटावर कोणता फेरफार धरला आहे, हरकतीची मुदत कधी संपते, हे कळतं. तुम्ही ज्या पाच-सात गावांत फिरता त्यांची चावडी आठवड्यातून एकदा चाळत जा. कोणाची वाटणी झाली, कुठे वारस चढले, बोजा कुठे उतरला, हे सगळं तिथे दिसतं. पानठेल्यावर जी बातमी पंधरा दिवसांनी येते, ती इथे आधी येते.

दुसरी खिडकी नोंदणी व मुद्रांक विभागाची. तिथे मिळकत नंबरवरून नोंदलेले दस्त शोधता येतात आणि सूची क्रमांक २ बघता येते. कोणी, कोणाला, केव्हा, कितीला विकलं, हे तिच्यात असतं. भाव ठरवायलाही ती कामाची. शेजारच्या गटाची मागच्या वर्षीची खरेदी कितीची लागली हे दाखवलं की विकणाऱ्याचा आवाज जरा खाली येतो. अर्थात कागदावरचा भाव आणि हातातला भाव यांच्यातलं अंतर तुम्हाला मी सांगायला नको. संगणकावरचा शोध फार मागे जात नाही. तीस वर्षांचा शोध घ्यायचा तर अजूनही वकील लागतो आणि कार्यालयातली सूची उघडावी लागते.

बँकेचं किंवा सोसायटीचं कर्ज बहुतेक वेळा इतर हक्कात दिसतं. नेहमी नाही. प्लॉट आणि घरांच्या बाबतीत सरसाय या केंद्रीय नोंदवहीत दहा रुपयांच्या शुल्कात गहाणाचा शोध घेता येतो. दिवाणी दावा चालू आहे का हे ई-कोर्ट्स अ‍ॅपवर पक्षकाराच्या नावाने बघा. नाव इंग्रजीत टाकावं लागलं तर दोन-तीन स्पेलिंगने टाका. एकाच आडनावाची चार रूपं आपल्या कोर्टात सुखाने नांदतात.

नकाशा: खरा, आणि भासणारा

महाभूनकाशावर गावाचा नकाशा उघडतो. गट नंबरवर बोट ठेवलं की त्याचा आकार आणि खातेदार दिसतात, लगतचे गट दिसतात. मला तरी हा सगळ्यात उपयोगी वाटतो, कारण पार्टीचा पहिला प्रश्न "रस्ता आहे का" हाच असतो. विकणारा सांगतो रोडटच. नकाशात मधे शेजाऱ्याची वीस फुटांची पट्टी निघते. पांदण नकाशावर आहे की नुसती बैलगाडी जाऊन जाऊन पडलेली वाट आहे, यावर वावराची किंमत फिरते. जुन्या मालगुजारीच्या गावांत निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हे दोन कागद तहसीलमधून काढून बघा. वाट कोणाची, गुरं कुठून पाण्यावर जायची, कोणाच्या वावरातून पाट जायचा, हे हक्क त्यांत लिहिलेले असतात. ते मोबाईलवर येईपर्यंत थांबू नका.

मग गूगल अर्थ. त्यात धुऱ्याधुऱ्याने बोट फिरवून क्षेत्र काढता येतं आणि जुनी उपग्रहचित्रंही बघता येतात. पावसाळ्यातलं जुनं चित्र सापडलं तर नाला कुठवर पसरतो ते दिसतं. मार्चमध्ये वावर बघणाऱ्या पार्टीला ते कोणी सांगत नाही. विहीर 'जुनी' आहे की गेल्या उन्हाळ्यात खोदली, तेही चित्रात दिसतं.

पण चालत फिरून क्षेत्र मोजणारी जीपीएस अ‍ॅपं आहेत, त्यांच्यावर सौदा करू नका. मोबाईलचं जीपीएस उघड्या रानातही तीन-चार मीटर इकडेतिकडे होतं. हिशेब करून बघा. चौरस आकाराचा एक एकर म्हणजे साधारण ६४ मीटर बाजू. तुम्ही काट्याकुट्यामुळे चारही बाजूंनी तीन मीटर आतून चाललात, तर अ‍ॅप ३३ गुंठे दाखवेल. सात गुंठे हवेत गायब. मग पार्टीला वाटतं विकणारा फसवतोय, विकणाऱ्याला वाटतं दलाल फसवतोय. मोजणी ही भूमी अभिलेखचीच. तिचा अर्ज आता ई-मोजणीवर ऑनलाईन होतो. आणि मोजणीच्या दिवशी लगतचे धुरेकरी हजर ठेवा, नाहीतर मोजणी होऊनही भांडण राहतंच.

समृद्धी महामार्गापासून एक नवीन रोग आला आहे. ७०१ किलोमीटरचा तो रस्ता वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाण्यातून गेला, नागपूर ते शिर्डी डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये मुंबईच्या बाजूपर्यंत पूर्ण झाला. तेव्हापासून प्रत्येक दलालाकडे एक नकाशा असतो, त्यावर लाल रेघ मारलेली असते आणि ती रेघ नेमकी त्याच्याकडच्या वावराजवळून जाते. राजपत्रातली अधिसूचना आणि त्यातले गट नंबर दाखवता येत असतील तरच रस्त्याचं नाव काढा.

माणसं लक्षात ठेवायची वही

इथे खरं म्हणजे सॉफ्टवेअर कंपन्या येतात. ग्राहकांची नोंद ठेवणारी साधनं बरीच आहेत, झोहोची तर तीन जणांपर्यंत फुकटही मिळते. मोठ्या शहरात दहा पोरं कामाला असतील तर ती घ्या. एकट्या दलालाला गूगल शीट पुरते. रकाने माझ्या मते इतके: गाव, गट नंबर, क्षेत्र, वर्ग, पाणी, रस्ता, मागणी, उतारा कोणत्या तारखेचा, शेवटचं बोलणं केव्हा. पार्टीसाठी दुसरं पान. मोबाईलवर बोलून मराठीत टाईप होतं, त्यामुळे लिहायचा कंटाळा हे कारण आता चालत नाही.

एका भाऊंच्या मोबाईलमध्ये 'पार्टी', 'पार्टी २', 'पार्टी नागपूर', 'पार्टी नवीन' असे नंबर मी स्वतः पाहिले. फोन वाजला की ते उचलून "हां बोला साहेब" म्हणत आणि समोरचा कोण हे ओळखण्यात पहिलं मिनिट घालवत. 'नागपूर, ४ एकर ओलित, वर्ग १' असं नाव साठवायला काय जातं?

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस मात्र घ्याच. त्यात गिऱ्हाइकांना लेबल लावता येतात, ठरलेली उत्तरं साठवता येतात, वावरांचा कॅटलॉग करता येतो. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्याने तुमचा नंबर साठवला आहे त्यालाच निरोप पोचतो. म्हणून पहिल्याच भेटीत समोर उभं राहून नंबर साठवायला लावा. घरं आणि फ्लॅट विकणारी मोठी पोर्टलं तालुक्याच्या गावी शेतीसाठी फारशी कामाची नाहीत, जिल्ह्याच्या गावात प्लॉट-फ्लॅट असेल तर ठीक. जाहिरातीचं चित्र कॅनव्हावर करा, वावराचा व्हिडीओ मात्र सकाळच्या उन्हात, हळू चालत आणि शक्यतो तोंड बंद ठेवून काढा. जाहिरातीचा मजकूर हल्ली एआयकडून लिहून घेतात. मजकुरापुरतं चालेल. त्याला कायदा विचाराल तर तो छातीठोकपणे दुसऱ्याच राज्याचा नियम सांगेल.

मालकाचं आधारकार्ड ग्रुपवर टाकायची सवय सोडा. आधारच्या साइटवरून शेवटचे चार आकडेच दिसणारी प्रत निघते, ती वापरा. कागद स्कॅन करायला गूगल ड्राइव्हमध्येच सोय आहे. कॅमस्कॅनरवर जून २०२० मध्ये सरकारने बंदी घातली, तरी अजून काहींच्या मोबाईलमध्ये ते कुठूनतरी आणून बसवलेलं दिसतं.

पैसा आणि परवाना

स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, इसारही त्यात आला. इसार सरळ विकणाऱ्याच्या खात्यात जाऊ द्या. तुमच्या खात्यातून फिरवू नका, उद्या सौदा फिसकटला तर परत तुमच्याच दारात येतात. मुद्रांक शुल्काचा अंदाज देण्यासाठी नोंदणी विभागाच्या साइटवर वार्षिक बाजारमूल्य दर, म्हणजे आपला रेडीरेकनर, बघा. शुल्क ठरलेल्या किमतीवर की सरकारी किमतीवर, तर दोन्हींपैकी जास्त असेल तिच्यावर. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. चलन ग्रास या सरकारी पोर्टलवर ऑनलाईन भरता येतं. विहिरीवर वीजजोडणी असेल तर ग्राहक क्रमांक घेऊन महावितरणच्या साइटवर थकबाकी बघून घ्या, कृषिपंपाची बाकी पाहून भल्याभल्यांचा चेहरा पडतो.

नुसती शेतजमीन विकण्याला रेरा, म्हणजे घर-प्लॉटच्या प्रकल्पांचा कायदा, लागू नाही. पण नियोजन क्षेत्रात ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा आणि आठपेक्षा जास्त प्लॉटचा लेआउट विकायला घेतला, तर प्रकल्पाची नोंदणी हवी आणि तुमचीही हवी. जानेवारी २०२४ पासून महाराष्ट्रात एजंटला प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास व्हावी लागते. ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीवर क्यूआर कोडही लागतो. नोंदणी न करता विकलं तर दंड दिवसाला १०,००० रुपयांच्या हिशेबाने लागू शकतो. एका लेआउटच्या दलालीत तो भरून निघत नाही.

हे सगळं सांगितलं की दलालभाऊ हमखास म्हणतात, "एवढं पाहत बसलो तर सौदा दुसरा घेऊन जाईन न जी." म्हणून परवा मी घड्याळ लावून पाहिलं. एक गट घेतला. उतारा, चावडी, सूची, नकाशा, कोर्ट, वीजबिल, सगळं सकाळी सातला बसून, कारण दुपारी साइट रडतात. चाळीस मिनिटं लागली. त्यातली पंधरा ओटीपी येण्याची वाट पाहण्यात गेली.